तू न घेतलेली भाकर

दादा,

तुझ्यावर माती लोटून आलो त्याला आज बावीस दिवस झाले. मंडळीच्या पत्रकासाठी तुझ्यावर दोन शब्द लिहा, असं पास्टरसाहेबांनी मला सांगितलंय. "तुम्ही शिक्षक माणूस, शिवाय सख्खे भाऊ. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" म्हणाले. मी चार वेळा लिहायला बसलो. तुझा जन्म, फाट्यावरचं तुझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, रूथवहिनी, मंडळीतली तुझी सेवा, असं सगळं ओळीनं लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण ते तुझ्याबद्दल तिसऱ्याच कुणाला तरी सांगणं होतं, आणि मला तुझ्याशी बोलायचंय. अकरा वर्षं बोललो नाही, ते आता बोलायचंय.

आपले बाबा सायकलवरून गावोगाव सुवार्ता सांगत फिरायचे. घरी असले की दिवेलागणीला आपल्या दोघांना समोर बसवून येशूचं डोंगरावरचं प्रवचन पाठ करून घ्यायचे. माझं पंधरवड्यात घडाघडा पाठ झालं, रविवारच्या शाळेत बक्षीसही मिळालं. तुझी गाडी तिसऱ्या-चौथ्या ओळीतच अडायची. बाबा वैतागले तेव्हा तू म्हणालास, "माज्या ध्यानात ऱ्हात न्हाई बाबा. त्यापरास मी एकेक करूनच बघतो."

आणि खरंच करून बघायला लागलास. शाळेच्या विहिरीपाशी एका दांडगट पोरानं तुझ्या मुस्काटात मारली, तर तू दुसरा गाल पुढं केलास. त्यानं त्यावरही तेवढ्याच जोरात ठेवून दिली. दोन्ही गाल लाल घेऊन तू घरी आलास आणि बाबांना विचारलंस, "दुसरा बी झाला. आता फुडं काय करायचं?" मी पोट धरून हसलो होतो. बाबा हसले नाहीत. त्यांनी तुला जवळ ओढलं आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले.

मोठेपणीही तू तसाच राहिलास. फाट्यावर तुझ्यासमोर दुसरं रिवाइंडिंगचं दुकान निघालं. तू मोटारीत जुनी तार भरतोस असं तो माणूस गिऱ्हाइकांना सांगायचा. पुढं व्हार्निशच्या भट्टीवर त्याचा हात भाजला, तेही ऐन उन्हाळी पिकाच्या पाण्याच्या दिवसांत. तेव्हा त्याच्याकडे पडलेल्या मोटारी तू तुझ्या दुकानात उचलून आणल्यास, भरल्यास आणि परत त्याच्याच दुकानात नेऊन ठेवल्यास. गिऱ्हाइकांना कळलंही नाही. मला कळलं तेव्हा मी म्हणालो, "दादा, लोक येडा म्हणतात तुला." तू हात पुसत म्हणालास, "म्हनू दे की. पानी तर पोचलं ना पिकाला?"

मला तेव्हा तुझा राग यायचा. आज खरं सांगतो, त्या रागात थोडी लाजही असायची. मंडळीत उपदेश करायला लोक मला उभं करत. तू शेवटच्या बाकावर बसून ऐकायचास.

माझी बायको गेली तेव्हा आमची करुणा दहावीत होती. मला पोरीशी काय बोलावं ते कळायचं नाही. मी तिला अभ्यासाचं विचारायचो, बास. बाकी सगळं ती रूथवहिनींशी आणि तुझ्याशी बोलायची. नर्सिंग करून ती नगरला दवाखान्यात लागली, आणि एका रविवारी घरी येऊन तिनं मला मिलिंदबद्दल सांगितलं. शेवगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मेकॅनिक होता तो. मोटारी घेऊन तुझ्याच दुकानात यायचा, तिथंच त्यांची ओळख झालेली. बौद्ध घरातला मुलगा. मी एकच वाक्य बोललो, "आपल्या विश्वासाबाहेर लग्न होणार नाही." आणि जेवणावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी तुझ्या दुकानात आपलं भांडण झालं. मला शब्द न् शब्द आठवतो. मी प्रेषितांच्या पत्रांतले दाखले देत होतो. तू तांब्याची तार गुंडाळत ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "ते समदं आसंल. पर पभा, आपल्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला आनि त्या पोराच्या आज्यानं दीक्षा. दोघं बी एकाच जाचातून भाईर पडले. आपुन त्यास्नी परकं कसं म्हनायचं?"

"मी जातीचं बोलत नाही. मी विश्वासाचं बोलतोय."

"बरं, विश्वासाचं बोल. उद्या पोरगी लग्नाला हुबी ऱ्हायली. आई न्हाई, बाप येनार न्हाई. तिच्या बाजूला कोन? येशू आसता तर कुटं हुबा ऱ्हायला आसता, तेवढं सांग."

"तू मध्ये पडू नकोस," एवढं म्हणून निघून आलो. आपला तो वाद तिथंच राहिला, दादा. आजही तो मला पुरता सुटलेला नाही.

महिना-दीड महिन्यानं एका मंगळवारी सकाळी तू घरी आलास. धुतलेला पांढरा शर्ट घातला होतास. मी चहा केला. "कुठं निघालास?" विचारलं. तू कपाकडे बघत म्हणालास, "नगरला. डोळं दाखवायचं हायेत." मी म्हणालो, येताना माझ्यासाठी चष्म्याचं घर घेऊन ये.

संध्याकाळी तू आलास. चष्म्याचं घर माझ्या खाटेवर ठेवलंस आणि उभ्या उभ्याच बोललास, "पभा, डोळं न्हाई दाखवलं. करुनाच्या लग्नाला गेल्तो. साक्षीदार म्हनून सही केली." मी ते घर उचलून अंगणात भिरकावलं. तुला काय काय बोललो ते इथं लिहवत नाही. माझी पोरगी तू माझ्या घरातून नेलीस, असं म्हणालो, आणि पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस, असंही म्हणालो. तू खाली मान घालून गेलास.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर वाटून घ्यायची होती. आदल्या दिवशी, शनिवारी, तू आलास. पाऊल ठेवू नको म्हटलं होतं म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिलास.

"माफी मागायला आलोय."

"कशाची?"

"तुज्याशी खोटं बोललो. तुज्या हातचा चहा पिता पिता खोटं बोललो. त्याची."

"आणि सहीची?"

तू मान वर केलीस. मग म्हणालास, "सहीची कशी मागू? ती मी बरोबर समजून केली. तिची माफी मागितली तर ते अजून एक खोटं हुईल."

मी म्हणालो, "मग सहीची मागशील तेव्हा ये," आणि दार लावलं. तेव्हा मी स्वतःला फार न्यायाचा माणूस वाटलो होतो. केवढं सोपं होतं, दादा! तू माझ्यापुढं खऱ्या चुकीची खरी माफी धरली होतीस. ती घ्यायला मला फक्त हात पुढं करायचा होता. बाकीचा वाद आपण आयुष्यभर घालत बसलो असतो, दोन भावांनी घालावा तसा.

दुसऱ्या दिवशी मंडळीचा पंच म्हणून भाकरीचं ताट घेऊन मी बाकांमधून फिरत होतो. शेवटच्या बाकाशी आलो. तू ताटाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवून नाही म्हणालास. मी पुढं गेलो. मनात म्हटलं, खातंय याचं मन याला. पुढच्या महिन्यातही तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. अकरा वर्षं, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी, मी तुझ्यापुढं ताट धरलं आणि तू ते घेतलं नाहीस. लोकांनी विचारलं तर मी सांगायचो, "ज्याचं त्याला ठाऊक असतं." आणि ते सांगताना मला बरं वाटायचं. हे मी कबूल केलं नाही, तर या लिहिण्याला काही अर्थ नाही.

तू पहिलं वर्षभर दर महिन्याला येत राहिलास. मग नाताळच्या आधी एकदा, वर्षातून एकदा. एका वर्षी बाहेरून हाक आली, "पभा, हायेस का घरात?" मी आतूनच ओरडलो, "नाहीये मी घरात!" तू बाहेर हसलास. खरंच हसलास, मी ऐकलं. "बरं बरं," म्हणालास, "आलास की सांग." मलाही आत हसू आलं होतं, दादा. त्या क्षणी दार उघडलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. मी कडीपर्यंत गेलो होतो. तुझी चप्पल वाजत लांब जाईपर्यंत कडीवर हात ठेवून उभा राहिलो. तुझ्या एका खोट्यासाठी तुला शिक्षा देणारा मी, बंद दारामागून खोटं बोलत होतो, आणि तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

एकदा पास्टरसाहेब परगावी गेले म्हणून उपदेश माझ्याकडे आला. विषय मीच निवडला होता, क्षमेचा. सात वेळा नव्हे तर सत्तर वेळा सात, हे मी फळ्यावर गणित मांडावं तसं समजावून सांगितलं. भक्ती सुटल्यावर तू दाराशी थांबला होतास. म्हणालास, "लई चांगलं बोललास." तुझ्या आवाजात टोमणा नव्हता. मी टोमणा समजून घेतला आणि वळून निघून गेलो.

तुला नगरच्या दवाखान्यात नेलं, ते वहिनींनी मला शुक्रवारी फोनवर सांगितलं. "भाऊजी, हृदयाचं हाय म्हनत्यात. तुमी येऊन जावा." मी म्हणालो, "रविवारी भक्ती झाली की येतो." मला त्या दिवशी काही काम नव्हतं, शनिवारीही नव्हतं. मी शनिवारी प्रार्थनामंदिरातल्या चटया झाडल्या. संध्याकाळी तू गेलास. रविवारी मी आलो ते तुझी पेटी धरायला.

करुणा आली होती. अकरा वर्षांनी बघितली मी तिला. केसांत पांढरं दिसायला लागलंय तिच्या. शेजारी मिलिंद होता आणि त्यांची मुलगी, आठ-नऊ वर्षांची. तिनं मूठभर माती टाकली आणि "आजोबा" म्हणून हुंदका दिला. मी समोरच्या बाजूला उभा होतो. आमच्या मध्ये तुझी कबर होती.

तिसऱ्या दिवशीची प्रार्थना झाल्यावर माणसं पांगली. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, जरा बसा. एक इचारायचंय. आकरा वर्सं ह्यांनी भाकर घेतली न्हाई. तुमीच ताट घेऊन यायचा. का घेत न्हाई, ते कदी इचारावं वाटलं न्हाई?"

मी म्हणालो, "मला वाटलं, त्याचं मन खात असेल."

"व्हय. खात हुतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते म्हनायचे, माज्या भावाच्या मनात माज्याबद्दल काय तरी हाय. येशूनं सांगितलंय, तसं आसंल तर दान वेदीपाशी ठेव आनि आदी भावाकडं जा. त्याच्याशी मिटव, मग ये. मी जातोय, पर मिटत न्हाई. तवर भाकरीला हात कसा लावू?"

वहिनी पुढं सांगत राहिल्या.

"तीन पास्टर झाले. तिघांनी बी समजावलं, की शांतवन, तुमी तुमच्या बाजूनं गेलात, तुमचं झालं. तर म्हनायचे, जायला न्हाई सांगितलं, मिटवायला सांगितलंय. आनि पभाला यातलं काय बी कळू देऊ नका. माज्या भाकरीपायी त्यानं माफ केलं, तर ती काय माफी व्हय?"

मग वहिनींनी शेवटचं सांगितलं. शनिवारी सकाळी पास्टरसाहेब दवाखान्यात भाकर घेऊन आले होते. तू विचारलंस, "पभा आलाय का?" वहिनी म्हणाल्या, उद्या येतो म्हणालेत. तू म्हणालास, "मग उद्याच घेतो."

दादा, मी आयुष्यभर ती शिकवण लोकांना समजावली. तिचा अर्थ सांगितला, पोरांकडून पाठ करून घेतली. ती एवढी शब्दशः कुणी पाळत असेल, आणि माझ्यामुळे उपाशी राहून पाळत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तू चालत येऊन तुझं काम करत होतास. माझं काम फक्त दार उघडण्याचं होतं. दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेच्या ओळीला माझाच आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

मी तुझ्या कबरीवर गेलो. "माफ केलं दादा," असं मोठ्यानं म्हणालो. मातीला म्हणालो. ते शब्द मलाच ऐकू आले. आणि मग कळलं की तिथं माफ करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. माफी मागायची पाळी माझी होती, आणि ज्याच्याकडे मागायची तो खाली होता.

काल महिन्याचा पहिला रविवार. पास्टरसाहेबांनी ताट हातात दिलं. मी पहिल्या बाकापासून निघालो. सवयीनं शेवटच्या बाकापर्यंत आलो. तुझी जागा मोकळी होती, आजूबाजूला कुणी बसलं नव्हतं. मला पुढं जाता येईना. मी ताट शेजारच्या पंचाच्या हातात दिलं आणि म्हणालो, "मला घेता येणार नाही, आणि देताही येणार नाही." सगळी मंडळी बघत होती. मी चप्पल घालून बाहेर पडलो. वहिनी मागून आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. "शेवगावच्या स्टँडमागं पान्याची टाकी हाय. तिच्या अलीकडलं तिसरं घर," एवढंच म्हणाल्या.

एसटीनं पन्नास मिनिटं लागली. पन्नास मिनिटं! तू दर पंधरवड्याला जायचास म्हणे, वाटेत पेरू घ्यायचास. मी पेरू घेतले नाहीत. माझी हिंमत झाली नाही.

दार करुणानंच उघडलं. "पप्पा," म्हणाली आणि बाजूला झाली. मिलिंदनं खुर्ची पुढं केली, पाणी आणलं आणि तो बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला. मी गाडीत घोकून आलो होतो ते म्हणालो, "करुणा, मी चुकलो."

"कशात?" तिनं विचारलं.

मी शिक्षक होतो, दादा. हा प्रश्न मी हजार वेळा मुलांना विचारला असेल. मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "लग्नाला नको म्हणालो, ते चूक की बरोबर, मला अजूनही सांगता येत नाही. ते बरोबर होतं असं आता म्हणवत नाही, आणि खोटं तुझ्यासमोर बोलायचं नाही. पण तुला एकटीला सोडलं ते चूक. दादाला दारात उभं केलं ते चूक."

तिनं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग हळू म्हणाली, "खरं बोललात ते बरं केलंत. पण पप्पा, अकरा वर्षं झाली. मला आज लगेच काही नाही म्हणता यायचं."

"नको म्हणूस."

"मोठे पप्पा दर वेळी जाताना म्हणायचे, पभा येईल बघ. मी म्हणायचे, नाही येणार. ते असताना आला असतात तर..." मला तिच्या खांद्यावर हात ठेवता येईना. तो हक्क मी कधीच घालवून बसलोय. ती उठून चहा ठेवायला गेली. मी तसाच बसून राहिलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाचा होता, आणि त्यांच्या शेजारी तुझा. दुकानात तार गुंडाळताना काढलेला.

तेवढ्यात ती मुलगी बाहेरून पळत आली. मला बघून दारातच थबकली.

"आई, हे कोण?"

करुणा कपबशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. काय सांगावं हे ती ठरवत होती, आणि मला त्यावर काही बोलायचा अधिकार नव्हता.

"आपल्या आजोबांचे भाऊ," ती म्हणाली. "धाकटे."

त्या घरात आजोबा तू आहेस, दादा. मी तुझ्या नात्यानं त्यांचा कुणीतरी.

मुलगी जवळ आली. माझ्याकडे निरखून बघायला लागली. "खरंच? तुम्ही आजोबांचे भाऊ?"

अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "मी त्यांचा भाऊ."